उसनी हजेरी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकलो आहे. का, ते पुढे कळेल.) तुझा गुडघा कसा आहे? लिफ्टची भीती गेली का, की अजूनही जिन्यानेच चढतेस आणि मग गुडघ्याला बोल लावतेस? भावजींचा खोकला, बाल्कनीतली तुझी रोपं, सगळं नीट असेल अशी आशा करतो. आम्ही इकडे प्रकृतीने ठीक आहोत. प्रकृतीने, असं मुद्दाम लिहितो, कारण बाकी ज्या ज्या अंगाने माणूस ठीक असू शकतो त्यांपैकी कुठल्याच अंगाने मी सध्या ठीक नाही. तुझी भावजय गेला आठवडाभर माझ्याशी अतिशय गोड बोलते आहे. एवढ्यावरून काय ते समज.

दगडाची खाण बंद पडल्यापासून आपली वस्ती कशी रिकामी होत गेली ते तुला सांगायला नको. रिकामी करणाऱ्यांत तूही आहेस. (हा टोमणा नाही. आणि असलाच तर शेवटचा समज, कारण हे पत्र वाचून झाल्यावर मला कोणालाही टोमणा मारायचा हक्क उरणार नाही.) आधी सुरुंगवाले गेले, मग फोडणारे, मग ज्यांच्या दुकानातून ते सामान नेत ते दुकानदार, आणि मग दुकानदारांना केस कापून द्यायचा तो न्हावी. न्हावी गेल्यापासून मी स्वतःचे केस स्वतः कापतो, म्हणून फोटो पाठवत नाही. आता वस्तीत बारा-पंधरा चुली उरल्या आहेत आणि शाळेत मुलं आहेत अकरा. ज्या शाळेत तू माझं बोट धरून मला पहिल्यांदा बसवलंस, आणि मी रडलो म्हणून दाराबाहेर तासभर उभी राहिलीस, तीच शाळा. तिथे मी आणि धाकट्या बाई असे दोघं शिकवतो. वर, चढाच्या टोकाला, वरच्या वस्तीची शाळा. तिचे मुख्याध्यापक म्हणजे आपले व्याही. त्यांच्याकडेही दुखणं तेच.

तर झालं असं की शिक्षणखात्याकडून फर्मान आलं. ज्या शाळेत वीसपेक्षा कमी मुलं दिसतील ती बंद. पाहणीला साहेब येणार; आमच्याकडे सोमवारी, व्याह्यांकडे गुरुवारी. आता तू म्हणशील, शाळा बंद झाली तर तुझी बदली होईल, पगार काही बुडणार नाही, मग एवढं काय? ताई, मी भूगोल इतकी वर्षं शिकवतो आहे. वस्तीतून काम गेलं तरी काही माणसं कशीबशी राहतात, पण शाळा गेली की तीही बिऱ्हाड हलवतात, कारण स्वतःचे हाल माणूस सोसतो, पोरांचे सोसत नाही. शाळा बंद म्हणजे दोन वर्षांत वस्ती बंद, हे मला फळ्यासारखं समोर दिसत होतं. आणि तोवर आमच्या लहानग्यांनी तो चढ चढून वर जायचं, ज्या रस्त्याने आता पलीकडच्या नव्या खाणीचे ट्रक धावतात. आमच्या शाळेतली सगळ्यात लहान मुलगी (तिला सगळे चिमणी म्हणतात, आणि तिचं दप्तर तिच्यापेक्षा मोठं आहे) त्या ट्रकांच्या धुळीत दिसणारसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात मी वर्गात स्थलांतराचा धडा घेतला होता. फळ्यावर वस्तीचा नकाशा काढला, कोण कुठे गेलं त्याचे बाण काढले. सगळे बाण बाहेर. चिमणी म्हणाली, सर, आत येणारा एकपण नाही? मी एक बारीक बाण आत काढला. विचारलं, हा कोण? म्हटलं, मी, शिक्षक व्हायचं शिक्षण घेऊन परत आलो तो. मुलांनी त्या बाणाकडे जरा दयेनेच पाहिलं. मग हंगामी स्थलांतर समजावलं: माणसं थोड्या दिवसांसाठी जातात, काम झालं की परततात. हे सांगताना माझ्या डोक्यात काही नव्हतं. पण संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, डोळे मिटले, आणि कल्पना सुचली. प्रार्थनेत सुचली म्हणजे ती देवानेच दिली असं धरून मी दोन दिवस मोठ्या समाधानात वावरलो. आता वाटतं, देव बहुतेक दुसरंच काही सांगत होता आणि मी मध्येच उठलो.

कल्पना साधी होती. आमची अकरा, त्यांची अकरा. सोमवारी त्यांची मुलं खाली येतील, गुरुवारी आमची वर जातील. दोन्हीकडे बावीस. कोणाचं काही बिघडत नाही, मुलांना टेम्पोतून फिरायला मिळतं, आणि धड्याचं प्रात्यक्षिक होतं. व्याह्यांना सांगायला गेलो तर त्यांनी आधी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. (तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. पोरीच्या लग्नात त्यांना दिलेल्या खुर्चीचा एक पाय लंगडा निघाला होता. ते अजून आमच्याकडे आले की आधी खुर्ची हलवून बघतात.) मग म्हणाले, “कल्पना तुमची, हे लक्षात ठेवा.” मला तेव्हा तो मान वाटला. आमच्या धाकट्या बाईंनी मात्र सरळ सांगितलं, “सर, मी चहा करीन. खोटं बोलणार नाही.” कामाची वाटणी तेव्हाच झाली.

एक अडचण होती. साहेब नाव विचारणार, आणि हजेरीत असलेलंच नाव सांगायला हवं. आमच्या हजेरीत गेलेल्या मुलांची नावं अजून तशीच होती. काढायला माझा हात धजावला नव्हता. तेव्हा ठरलं, वरून आलेल्या प्रत्येक मुलाने एका गेलेल्या मुलाचं नाव घ्यायचं आणि त्याच्याच जागेवर बसायचं. वरच्या शाळेत एक चष्मेवाली मुलगी आहे, फार हुशार. तिला सुरुंगवाल्याच्या मुलीचं नाव दिलं आणि चिमणीच्या शेजारी बसवलं, कारण सुरुंगवाल्याची मुलगी तिथेच बसायची.

सोमवारी साहेब आले. सर्दी झालेला, हळू बोलणारा, पन्नाशीपुढचा माणूस. मला वाटलं होतं ते डोळे वटारतील, तसं काहीच नाही. मी हजेरी घेतली. आणि ताई, इथे मला जे झालं ते तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मी एकेक गेलेलं नाव घेत होतो आणि समोरून आवाज येत होता, हजर. न्हाव्याचा मुलगा, हजर. दुकानदाराच्या जुळ्या मुली, हजर, हजर. (त्यांतला एक मुलगा होता, पण आवाज बारीक होता म्हणून निभावलं.) वर्ग भरलेला होता. मागच्या बाकावर ढकलाढकली चालू होती, कोणाची तरी पट्टी पडली. खोटं बोलताना मनात भीती असते, लाज असते, हे ऐकून होतो. इतका आनंद होतो हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या आनंदाचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

साहेबांनी विचारलं, लोक गाव सोडून का जातात? चष्मेवाली उठली आणि काम, शिक्षण, लग्न, आपत्ती, अशी कारणं धाडधाड सांगून बसली. आमची मुलं खिडकीबाहेर बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धडा मी शिकवला आणि उत्तर व्याह्यांचं. शेवटी आमचा भोपळ्या (अंगाने तसा आहे, आणि त्याला त्याचा राग नाही) उभा राहिला आणि म्हणाला, “सर, एक जण जातो, मग बाकीच्यांना करमत नाही.” साहेबांनी रुमाल काढला. मला वाटलं गहिवरले, सर्दी होती.

इथवर सगळं ठीक. मग साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, “वरची शाळा पण आजच उरकून टाकतो. गुरुवारी परत कोण येणार?” ताई, तू डोळ्यांसमोर आण. वरची शाळा म्हणजे चार भिंती आणि व्याही. तिची सगळी मुलं माझ्या वर्गात माझ्याच तोंडाकडे बघत होती. मी धाकट्या बाईंना खूण केली. त्यांनी चहा आणला. साहेबांनी तो घेतला. त्यांनी परत आणला. तेवढ्यात मी मागच्या दाराने बावीसच्या बावीस मुलं टेम्पोत भरली. टेम्पोवाल्याला म्हटलं, मागच्या वाटेने जा, साहेबांच्या आधी पोहोचलास तर जन्मभर नाव घेईन. आणि मग, आडोशाला उभा राहून, मी देवाकडे मागणं मागितलं. मोठं काही नाही. साहेबांची गाडी थोडा वेळ सुरू होऊ नये, एवढंच.

ती अजिबात सुरू झाली नाही.

ड्रायव्हरने खटपट केली, खाली वाकला, वर उठला, डोकं हलवलं. साहेब शाळेला वळसा घालून मागे आले, तर टेम्पो अजून तिथेच, टेम्पोवाला मागची फळी लावत होता. “हा वर जातोय का?” टेम्पोवाला प्रामाणिक माणूस, हो म्हणाला. “मग मी पुढे बसतो. ही मुलं कुठे निघाली?” मी म्हटलं, क्षेत्रभेट. म्हणाले, विषय? माझ्या तोंडून निघालं, स्थलांतर. ते म्हणाले, चांगला विषय आहे, आणि टेम्पोवाल्याशेजारी जाऊन बसले. मी मागे मुलांबरोबर चढलो. त्या चढावर, ट्रकांच्या धुळीत, मी बावीस मुलांना कुजबुजत समजावत होतो की आता वरच्या मुलांनी आपापली नावं परत घ्यायची आणि खालच्यांनी वरची वस्ती सोडून गेलेल्या मुलांची घ्यायची. भोपळ्याने विचारलं, “म्हणजे सर, आता मी कोण?” मी म्हटलं, गप्प बसणारा. मागे बसून मी देवाला म्हटलं, मी थोडा वेळ म्हणालो होतो. पण देवाशी हुज्जत घालायला ती जागा योग्य नव्हती.

वर पोहोचलो. व्याही दारात उभे; टेम्पोच्या पुढच्या सीटवर साहेबांना बघून त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली, ती खुर्चीच्या वेळीसुद्धा टाकली नव्हती. गुरुवारची गोष्ट सोमवारी आली होती आणि त्यांच्या अंगात घरचाच सदरा होता. मुलं उतरली. आता शहाणी मुलं असती तर बावरली असती, पण ती तर घरी आली होती. वरची अकरा धावत आत गेली, आपापल्या खुंटीला दप्तरं लावली, आपापल्या जागेवर बसली. आमची अकरा भिंतीला टेकून उभी राहिली, पाहुण्यांसारखी. साहेबांनी सगळं पाहिलं. मग चष्मेवालीसमोर जाऊन उभे राहिले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, “बाळ, तुझं नाव काय?”

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे. आणि म्हणाली, “सर, इथलं सांगू का खालचं?”

व्याही खोकले. साहेब म्हणाले, दोन नावं आहेत का तुला? तोवर चिमणीला राहवेना. “सर, माझी पण दोन आहेत.” मग न्हाव्याचा मुलगा झालेला उठला, त्याची दोन. जुळ्या मुलींपैकी जो मुलगा होता तो म्हणाला, मला मुलीचं दिलं होतं, मला ते परत करायचंय. सगळा वर्ग हात वर करून उभा. इतक्या उत्साहाने त्यांनी कधी कुठल्या प्रश्नाला हात वर केलेले मी पाहिले नाहीत. भोपळ्या तेवढा गप्प होता. त्याला मी तसं सांगितलं होतं, आणि तो एकटाच माझ्या शब्दाबाहेर गेला नाही.

साहेब बाहेर येऊन पायरीवर बसले. पाणी मागितलं. व्याह्यांचं घर शाळेला लागूनच, तेव्हा पाणी घेऊन आली ती आपली पोरगी. (तिला सातवा महिना आहे, तब्येत छान आहे, बाकी वेगळं लिहीन.) तिने तांब्या ठेवला, सासऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर सावरून आत गेली. लहानपणी तिने एकदा शाळेतला खडू घरी आणला होता तेव्हा मी तिला खरं-खोटं यावर तासभर सुनावलं होतं. तिने तेच आता मला सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

साहेब रागावले नाहीत, ताई. रागावले असते तर मीही जरा ताठ झालो असतो. ते म्हणाले, “मी पुष्कळ शाळा बंद केल्या. पुष्कळ युक्त्या पाहिल्या. पण दोन शाळांनी एकमेकींची मुलं एकाच दिवशी उसनी घेतलेली पहिल्यांदाच पाहतोय.” मग म्हणाले, “मास्तर, बावीस मुलं एका टेम्पोत मावतात आणि एका वर्गात बसतात, हे तुम्हीच मला दाखवलंत. मी वेगळं काय लिहू?” म्हणजे दोन्ही मिळून एक शाळा. वाचणार ती एक. कुठली? जिथे खरी मुलं जास्त. अंगणात मुलांच्या दोन रांगा केल्या. अकरा आणि अकरा. त्यांनी पुन्हा मोजल्या. मग सांगितलं, नवीन वर्षाची शाळा भरेपर्यंत थांबतो. ज्या बाजूला एक खरं मूल वाढेल ती शाळा राहील. व्याह्यांनी लगेच घराकडे पाहिलं. (पोरीचं बाळ शाळेत मोजायला अजून सहा वर्षं आहेत, हे मी त्यांना हळूच सांगितलं. त्यांना आवडलं नाही.) साहेबांची गाडी तेवढ्यात रस्त्याने वर आली, अगदी सुरळीत, जणू तिला कधी काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो ते मान खाली घालून. फळ्यावर नकाशा होता, तो पुसला. हजेरीतून गेलेली नावं काढली, अकराच घेतली. लवकर संपली. चिमणी हात वर करून म्हणाली, “सर, माझ्या शेजारची आज का नाही आली?” मी म्हटलं, ती वरच्या शाळेची, काल पाहुणी होती. म्हणाली, “ती नाही. जिचं नाव ती सांगत होती ती.” म्हटलं, ती तर कधीच गेली, शहरात असते आता. तिने जरा विचार केला आणि विचारलं, “म्हणजे ती परत आली आणि परत गेली?” मी म्हटलं, चूक माझी झाली, मी उगाच हाक मारली. ती म्हणाली, बरं, आणि आपलं दप्तर उचलून रिकाम्या जागेवर ठेवलं.

तेव्हापासून मी संध्याकाळी प्रार्थनेला बसतो पण काही मागत नाही. मागायची भीतीच बसली आहे. नुसता बसतो आणि उठतो. तुझी भावजय म्हणते, हे आधी सुचलं असतं तर टेम्पोचा एक हेलपाटा वाचला असता. यापुढे मुलांच्या बाबतीत एकही खोटा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही, हे तुला साक्षी ठेवून लिहितो. कळावे, लोभ आहेच; कान धरायचाही हक्क तुझाच आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र भावजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. खोकल्यात हसणं चांगलं नाही. दाखवलंच तर गाडीचा भाग गाळ.

ता. क. लिहायचं राहिलं ते असं, की तुझा नातू या वर्षी सहा पूर्ण करतो ना? त्याचे आईबाप सकाळी जातात ते अंधारात परततात, आणि तो दिवसभर बंद दाराआड तुझ्यापाशी असतो, असं तूच मागे लिहिलं होतंस. इथे अंगण आहे. चिमणीच्या शेजारची जागा रिकामी आहे. तुला त्याच्याशिवाय करमणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून तूही ये. जिने इथे नाहीत. खोटं नाही मागत, खरंखुरं राहायला या म्हणतो. एक मूल हवं आहे, ताई, एकच.

ता. क. उत्तर लवकर धाड. व्याह्यांची बहीणही तुमच्याच शहरात असते आणि तिला दोन नातवंडं आहेत. काल व्याही पोस्टात दिसले. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि नुकतीच विकत घेतलेली कोरी पाकिटं पाठीमागे धरली.

ता. क. सून पाठवायला तयार नसेल तर वाद घालू नकोस. तिच्या जागी ती बरोबर आहे. मग असं कर, मूल तिथेच राहू दे, आणि शाळेसाठी नुसता त्याच्या जन्माचा दाखला तेवढा पाठव. पाहणीच्या दिवशी तो तापाने घरी आहे असं सांगता येईल.

हे वरचं वाक्य लिहून मी उठलो, प्रार्थना करून आलो आणि पुन्हा वाचलं. खोडणार होतो. पण खोडलं तर तुला मी आहे त्यापेक्षा बरा वाटेन, म्हणून तसंच ठेवलं आहे. दाखला पाठवू नकोस. मी पुन्हा मागितला तरी पाठवू नकोस.